आधी जागा ओळखा, मग अंडी सापडतील

अळी सगळ्यांना दिसते. पान कुरतडलेलं असतं, कुंडीच्या मातीवर काळ्या लेंड्या पडलेल्या असतात, आपण वाकून बघतो आणि ती सापडते. अंड्याच्या वाट्याला एवढं लक्ष येत नाही. ते बारीक असतं, हलत नाही आणि बहुतेक वेळा पानाच्या पाठीमागे असतं. ‘आमच्याकडे फुलपाखरं येतात, पण अंडी कधी दिसली नाहीत’ असं सांगणारे त्यामुळे भरपूर भेटतात. अंडी असतातच. फक्त झाडभर नजर फिरवून ती मिळत नाहीत. मादीला जागा कशी लागते हे आधी ठरवायचं आणि थेट तिथे जाऊन बघायचं. सापडलेलं अंडं कोणाचं, हेही पुष्कळदा जागेवरूनच कळतं. आणि डास, झुरळं, कडधान्यातले भुंगेरे असल्या नको त्या पाहुण्यांना आवर घालायचा, तरी हीच माहिती कामाला येते.

खाली दिलेली पद्धत बाल्कनी, परसबाग, स्वयंपाकघर आणि शेताचा बांध, सगळीकडे चालते. उदाहरणं महाराष्ट्र-गोव्यात सहज दिसणाऱ्या किड्यांची आणि कोळ्यांची घेतली आहेत. कोळी म्हणजे कीटक नव्हे. त्याला आठ पाय असतात, त्याचं घराणं वेगळं. पण अंडी कुठे ठेवायची हा पेच त्यालाही पडतोच.

काय जवळ ठेवायचं

दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग पुरेसं आहे. सराफ वापरतात तसलं. भिंग डोळ्याला अगदी चिकटवून धरायचं आणि पान भिंगाजवळ आणायचं. लांबून भिंग धरून बघणाऱ्यांना काहीच दिसत नाही आणि मग ते भिंगाला दोष देतात. याशिवाय एक छोटी टॉर्च, फांदीला खूण म्हणून बांधायला रंगीत दोरा, पेन्सिल, वही. मोबाइलचा कॅमेरा हवाच, पण आकार कळावा म्हणून फोटोत पानाशेजारी पट्टी धरायची सवय लावा.

वेळ पावसाळ्याची. जूनच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत कोवळी पानं मुबलक असतात आणि अंडीही तेव्हाच जास्त. फुलपाखरांसाठी ऊन पडल्यावरची सकाळ, साधारण दहा ते एक. पतंगांच्या माद्या रात्री अंडी घालतात, त्यामुळे त्यांचं काम सकाळी उठून तपासायचं.

पहिली पायरी: कढीपत्त्यापासून सुरुवात करा

एकच झाड निवडा. कढीपत्ता किंवा कागदी लिंबू असेल तर उत्तम, कारण लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन ही दोन्ही फुलपाखरं शहरातसुद्धा या झाडांवर येतात. महाराष्ट्राने 2015 साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं ब्लू मॉरमॉनही याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं, पण त्याला थोडी झाडी लागते.

झाडापासून चार-पाच फुटांवर शांत उभे राहा. मध पिणाऱ्या आणि अंडी घालणाऱ्या मादीच्या उडण्यात फरक असतो, तो डोळ्यांत बसवून घ्यायचा. मध पिणारी मादी फुलावर टेकते आणि थांबते. अंडी घालणारी थांबत नाही. ती खालच्या उंचीवर, पंख सतत फडफडवत, पानावरून पानावर जाते. क्षणभर टेकते, पुढच्या पायांनी पान टपटप बडवते, सोडून देते. शेजारच्या भलत्याच झुडपालाही एखादी टपली मारून येते. तिच्या पुढच्या पायांवर चव ओळखणारे बारीक केस असतात आणि बडवल्यावर पानातली रसायनं त्यांना कळतात. म्हणजे पायांनी चव घेणं चाललेलं असतं. चव जुळली की पंख फडफडत असतानाच पोटाचं टोक पुढे वाकवून ती पानाला टेकवते, एक अंडं चिकटवते आणि निघून जाते. हे सगळं दोन-तीन सेकंदांत उरकतं.

ती गेली की लगेच त्या पानाजवळ जा. अंडं राजगिऱ्याच्या दाण्याएवढं, गोल, फिकट पिवळसर असतं. बहुधा कोवळ्या शेंड्याजवळ, पानाच्या कडेला किंवा मागच्या बाजूला. जून, गडद हिरव्या पानांवर शोधत बसलात तर हाती काही लागायचं नाही. अंड्यातून निघालेल्या अळीचा जबडा इतका नाजूक असतो की तिला जून पान चावत नाही. मादी शेंडा निवडते ती यासाठी.

फांदीला दोरा बांधा आणि वहीत तारीख टाका. उबदार हवेत तीन-चार दिवसांत अंड्याचा रंग गडद होतो आणि अळी बाहेर पडते. आधी ती आपलंच टरफल खाते. पुढचे काही दिवस ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पांढरी-तपकिरी आणि ओलसर चमकणारी. पक्षी फसतात, माणसंही फसतात.

एक सूचना कढीपत्ता छाटणाऱ्यांसाठी. छाटणी केली की झाडाला एकदम नवी पालवी फुटते आणि फुलपाखरांना नेमकं तेच हवं असतं. अळ्यांना कंटाळून झाड छाटणारे लोक पुढच्या खेपेची तयारी स्वतःच करून ठेवतात. अळ्या नको असतील तर पालवी फुटल्यावर आठवडाभर रोज शेंडे तपासा. जागा असेल तर सरळ दोन झाडं लावा, एक फोडणीसाठी आणि एक त्यांच्यासाठी. मी दुसरा मार्ग सुचवेन.

दुसरी पायरी: मादीचे चार प्रश्न

कुठलीही जागा बघताना मनात चार प्रश्न ठेवा. पिल्लू बाहेर पडल्यावर खाणार काय? अंडं वाळेल, बुडेल की टिकेल? मुंग्या, गांधीलमाश्या आणि बाकीचे शत्रू इथे पोचतील का? आणि आपल्यासारखीच दुसरी मादी इथे आधी येऊन गेली आहे का? सगळ्या माद्या चारही प्रश्नांना सारखं वजन देत नाहीत. फुलपाखरांना पहिला सगळ्यात मोठा, डासांना दुसरा, कोळ्यांना तिसरा. कडधान्यातला भुंगेरा चौथ्या प्रश्नावर अडून बसतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे झाडांची यादी, आणि ती हळूहळू पाठ होते. रुईवर प्लेन टायगर. एरंडावर कॉमन कॅस्टर. आंब्याच्या पानांवर कॉमन बॅरन, जिची हिरवी अळी पानाच्या मधल्या शिरेवर अशी बसते की दाखवूनही दिसत नाही. बहाव्यावर आणि टाकळ्यावर एमिग्रंट जातीची पिवळी-पांढरी फुलपाखरं. कण्हेरीवर कॉमन क्रो. कण्हेर आणि तगर या दोन्हींवर हिरव्या नक्षीचा मोठा ओलिएंडर हॉकमॉथ. सापसंदाच्या वेलावर क्रिमझन रोज. सोनचाफ्यावर आणि उंच वाढणाऱ्या खोट्या अशोकावर टेल्ड जे. कुंपणावर पसरलेल्या कृष्णकमळाच्या वेलावर टॉनी कॉस्टर, तीही एकेक न घालता घोळक्याने.

हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू तर बांडगूळ शोधतं. आंब्यावर बांडगूळ वाढलं की आपण कपाळाला आठ्या घालतो, पण हळदीकुंकूच्या पुढच्या पिढीची सोय त्याच बांडगुळावर असते. तिथे एका पानावर अंडी शिस्तीत ओळी करून ठेवलेली दिसतील, एकमेकांपासून थोडं अंतर राखून.

सगळ्याच फुलपाखरांना झाड लागतं असंही नाही. एपफ्लाय हे छोटं करड्या रंगाचं फुलपाखरू पिठ्या ढेकणांच्या पांढऱ्या पुंजक्यात अंडी घालतं, कारण त्याची अळी पान खातच नाही, पिठ्या ढेकूण खाते. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला म्हणून फवारणी करण्याआधी त्या पुंजक्यात भिंगाने एकदा बघा. पांढऱ्या चुऱ्याने माखलेली, सावकाश सरकणारी अळी दिसली तर पंप खाली ठेवा.

तिसरी पायरी: एकटं अंडं की पुंजका?

एकेकटं अंडं घालणारी मादी शत्रूला एका जागी सगळी शिदोरी मिळू देत नाही, आणि पिल्लांची आपसात मारामारीही टळते. पुंजक्याने घालणारीचा वेळ वाचतो. तिची पिल्लं बहुतेकदा विषारी, कडू तरी असतात किंवा सुरुवातीला एकत्र खाऊन जाड पानावर मात करतात.

पुंजक्यांबाबत गोंधळ होतो तो पिवळ्या अंड्यांवरून. मावा (झाडाचा रस शोषणारे बारीक किडे) खाणारा ढालकिडा, म्हणजे लेडीबर्ड बीटल, पानाच्या मागे उभट पिवळ्या अंड्यांचा घोळका घालतो. वांग्याची पानं खरवडून खाणारा ठिपक्यांचा भुंगेराही तशीच उभट पिवळी अंडी घालतो. दोघे एकाच कुळातले, त्यामुळे नुसत्या अंड्यावरून ओळखायला गेलात तर फसाल. आजूबाजूला बघा. वीतभर अंतरात माव्याची वसाहत असेल तर अंडी मित्राची असण्याची शक्यता जास्त. पान वांग्याचं असेल, मावा नसेल आणि जवळच्या पानांवर जाळीसारखे खरवडल्याचे पट्टे असतील तर ती पान खाणाऱ्याची. वांग्यावर मावाही असला तर घाई करू नका, अंडी फुटू द्या. मित्राची पिल्लं काळपट, लांबट, चपळ असतात. पान खाणाऱ्याची पिल्लं पिवळी, सुस्त आणि अंगभर फांद्या फुटलेल्या काट्यांची.

ढालकिड्याची मादी चौथ्या प्रश्नालाही जपते. पानावर दुसऱ्या ढालकिड्याची पिल्लं फिरून गेली असतील तर त्यांनी मागे ठेवलेल्या खुणा तिला कळतात आणि ती अंडी घालायचं टाळते. ती पिल्लं अंडीसुद्धा खातात, हे त्यामागचं कारण.

हिरव्या क्रायसोपाने, म्हणजे जाळीदार पंखांच्या नाजूक किड्याने, या अडचणीवर काढलेली तोड मला सगळ्यात आवडते. मादी पानावर चिकट थेंब सोडते, पोट वर उचलते, थेंबाचा केसासारखा तंतू होतो, तो लगेच कडक होतो आणि त्याच्या टोकावर ती अंडं ठेवते. मुंगी खालून निघून जाते, आधी फुटलेलं भावंडही वर पोचत नाही. ही अंडी कधी कधी घराच्या भिंतीवर, दिव्याजवळसुद्धा दिसतात, कारण मादी रात्री उजेडाकडे येते. बुरशी समजून ती पुसून टाकू नका.

पुंजक्यावर तपकिरी-करड्या केसांचं पांघरूण असेल तर ती बहुधा स्पोडोप्टेरा पतंगाची. मादी स्वतःच्या पोटावरचे केस अंड्यांवर पसरवते. अळूच्या, एरंडाच्या पानामागे अशी अंडी सापडतात. 2018 पासून भारतात मक्यावर पसरलेली अमेरिकन लष्करी अळी याच वंशातली.

चौथी पायरी: स्वयंपाकघरातला प्रयोग

बाग नसली तरी चालेल. मुगाच्या किंवा चवळीच्या बरणीत तपकिरी, आखूड, गोलसर भुंगेरे निघाले की वैतागून सगळं फेकू नका. मूठभर धान्य आणि दोन-तीन भुंगेरे एका झाकणाच्या काचेच्या बाटलीत ठेवा आणि बाकीचं धान्य वेगळं करा.

दोन दिवसांनी एकेक दाणा भिंगाखाली घ्या. सालीवर चकचकीत, चपटे, अंडाकृती ठिपके चिकटलेले दिसतील. हीच अंडी. ताजी असताना ती पारदर्शक असतात. आतली अळी तळाकडून सरळ दाण्यात भोक पाडून शिरते आणि पोखरलेला भुसा रिकाम्या टरफलात भरते, तेव्हा ठिपका पांढरा होतो. म्हणजे पांढरे ठिपके दिसले की अळी दाण्यात पोचली.

आता मोजा. किती दाण्यांवर एकच अंडं आहे आणि किती दाण्यांवर दोन? धान्य पुरेसं असेल तर बहुतेक दाण्यांवर एकच निघेल. मादी दाण्यावरून चालते, आधीचं अंडं आणि त्याच्याभोवतीचा वास तिला कळतो आणि ती पुढचा दाणा गाठते. एका मुगात दोन अळ्यांचं पोट भरत नाही, त्यामुळे ती अंडी वाटून घालते. बाटलीत मोजके दाणे ठेवून दुसरा प्रयोग करा. रिकामा दाणा उरला नाही की तीच मादी एकेका दाण्यावर दोन-तीन अंडी चिकटवायला लागेल. पसंती असते, पण पर्याय संपले की पसंतीला मुरड घालावी लागते. हे एवढं उघड, घरबसल्या दाखवणारा दुसरा किडा मला माहीत नाही. मुलांना सुट्टीत करायला द्या, फक्त बाटलीचं झाकण घट्ट असू द्या.

आपल्याकडे कडधान्याला एरंडेल चोळून ठेवायची पद्धत आहे, ती इथेच लागू पडते. तेलाने सालीवर अंडं नीट चिकटत नाही आणि चिकटलं तरी गुदमरतं. किलोला एक छोटा चमचा तेल पुरे, मात्र ते प्रत्येक दाण्याला लागलं पाहिजे. तेल नको असेल तर धान्य कोरडं करून चार-पाच दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवा आणि मग हवाबंद डब्यात भरा. या भुंगेऱ्यांची लागण बऱ्याचदा शेतातल्या शेंगांवरच झालेली असते. दुकानदाराशी भांडण्याआधी हे लक्षात घ्या.

तांदळातले सोंडे निराळे. त्यांची मादी सोंडेने दाण्यात खड्डा पाडते, आत अंडं ठेवते आणि वरून बूच बसवते. बाहेरून काहीच दिसत नाही.

झुरळांचं धोरण आणखी वेगळं. मोठं तांबूस झुरळ अंड्यांची कडक तपकिरी कुपी कपाटामागे, पुठ्ठ्याच्या खोक्यात, खाण्याच्या जवळच्या अंधाऱ्या फटीत चिकटवतं. एका कुपीत साधारण चौदा ते सोळा अंडी असतात. स्वयंपाकघरातलं छोटं पिवळट जर्मन झुरळ कुपी पोटाच्या टोकाला धरूनच फिरतं आणि अंडी फुटायच्या सुमारास सोडतं. फवारा कुपीच्या आत सहसा पोचत नाही. म्हणून फवारणीनंतर काही आठवड्यांनी झुरळं परत दिसतात. कपाट हलवून कुप्या वेचणं हे कंटाळवाणं काम आहे, पण उपयोगाचं तेच.

पाचवी पायरी: पाणी आणि पाण्याची कड

डासांच्या तीन घराण्यांच्या तीन आवडी. क्युलेक्सची मादी गटाराच्या, सडक्या पाण्यावर अंडी एकमेकांना उभी चिकटवून त्यांचा छोटा तराफा तरंगत सोडते. मलेरिया पसरवणारी अ‍ॅनाफेलिस तुलनेने स्वच्छ, साचलेल्या पाण्यावर सुटी अंडी टाकते. त्यांना बाजूंनी हवेच्या पिशव्या असतात. डेंगी पसरवणारी एडिस मात्र अंडी पाण्यात टाकतच नाही. ती भांड्याच्या आतल्या ओलसर भिंतीवर, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, एकेक काळं अंडं चिकटवते. पाणी चढलं आणि अंडी बुडली की ती फुटतात. तोवर कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. शिवाय ती सगळी अंडी एका भांड्यात घालत नाही. थोडी कुंडीखालच्या ताटलीत, थोडी टायरमध्ये, थोडी फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये.

म्हणून आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळताना नुसतं पाणी ओतून भागत नाही. पिंपाची, टाकीची, कूलरची आतली भिंत ब्रशने घासा. पाण्याच्या रेषेपासून चार बोटं वरपर्यंत. न घासता तसंच पुन्हा भरलंत तर जुनी अंडी नव्या पाण्यात फुटतील. आठवडाच का? उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात.

पाण्याकडे आणखी कोण येतं ते बघायचं तर पावसानंतर तळ्याकाठी बसा. टाचण्या, म्हणजे चतुरांचे सडपातळ भाऊबंद, पाणवनस्पतीच्या देठाला चीर पाडून आत अंडी घालतात, नर पुष्कळदा मादीची मान धरून सोबत असतो. चतुरांच्या काही माद्या पाण्यावर पोटाचं टोक आपटत उडतात. पावसाळ्यात थव्याने दिसणारे पिवळसर चतुर तात्पुरत्या डबक्यांतही अंडी घालतात. भातखाचरात किंवा तळ्यात पाठीवर अंड्यांचा थर घेऊन पोहणारा चपटा पाणढेकूण दिसला तर तो नर आहे. मादीने जागा म्हणून त्याचीच पाठ निवडलेली असते.

आता सोसायटीच्या पार्किंगमध्ये या. चकचकीत गाडीच्या बॉनेटवर चतुर पोट आपटत असेल, तर मादी चुकते आहे. पाण्यावरून परावर्तित झालेला प्रकाश विशिष्ट प्रतलात कंप पावतो आणि चतुर पाणी ओळखतात ते त्यावरून. गुळगुळीत काळा किंवा लाल रंग आणि काच हीच खूण देतात. किडे नेहमी योग्यच जागा निवडतात असं सांगणाऱ्यांना हे बॉनेट दाखवावं. मादी जागा ओळखते ती काही ठरावीक खुणांवरून, आणि त्याच खुणा आपण भलतीकडे तयार केल्या की अंडी वाया जातात.

सहावी पायरी: कोळ्यांकडे बघताना प्रश्न बदला

कोळ्याच्या पिल्लांना झाडाचं पान लागत नाही. त्यामुळे मादीपुढे प्रश्न उरतो तो अंडी सुरक्षित कशी राहतील हा. ती अंडी रेशमात गुंडाळून पिशवी करते. ही पिशवी सोबत वागवायची की कुठेतरी ठेवायची, आणि ठेवली तर राखण करायची की नाही, यावर सगळं ठरतं.

घरातूनच सुरुवात करा. न्हाणीघराच्या कोपऱ्यात लांब, काडीसारख्या पायांचा कोळी उलटा लटकलेला असतो. टॉर्च तिरपी धरा. तोंडाशी फिकट अंड्यांचा गोळा असेल तर ती मादी आहे. मोजके तंतू गुंडाळून ती अंडी जबड्यात धरून ठेवते आणि त्या काळात जवळपास खातच नाही. भिंतीवर रात्री फिरणारा तळहाताएवढा चपटा कोळी, ज्याला बघून घरात आरडाओरडा होतो, त्याची मादी पोटाखाली चपटी, गोल, पांढरट पिशवी धरून असते. तो झुरळं खातो. त्याला घरात राहू द्यावं असं माझं मत आहे, घरच्यांचं मत वेगळं असू शकतं.

उडी मारणारे कोळी पडद्याच्या घडीत, दाराच्या चौकटीत किंवा गुंडाळलेल्या पानात रेशमी खोली विणतात आणि मादी आतच बसून राखण करते. बागेत पानाची कड दुमडून रेशमाने शिवलेली दिसली तर ओढून उघडू नका, उजेडाविरुद्ध धरून आतली सावली बघा.

जमिनीवर लांडगा कोळी शोधा. मादी गोल पिशवी पोटाच्या मागच्या टोकाला, सूत काढणाऱ्या अवयवांना चिकटवून पळत असते. बिळात राहणाऱ्या काही जातींच्या माद्या पिशवी बिळाच्या तोंडाशी आणून उन्हात धरतात. पिल्लं निघायची वेळ झाली की ती स्वतः पिशवीची शिवण उसवते आणि पिल्लं तिच्या पाठीवर चढतात. रात्री टॉर्च कपाळाशी धरून गवतात बघितलं तर या कोळ्यांचे डोळे चमकतात. त्यांना शोधायची हीच सोपी युक्ती.

जाळं विणणाऱ्यांमध्ये सिग्नेचर कोळ्याची मादी पिशवी जाळ्याजवळच्या फांद्यांमध्ये अडकवते. सायक्लोसा नावाचा बारीक कोळी अंड्यांच्या पिशव्या आणि खाल्लेल्या किड्यांची टरफलं यांची उभी रांग जाळ्याच्या मधोमध लावतो आणि स्वतः त्याच रांगेत पाय आवळून बसतो. कचरा कुठे संपतो आणि कोळी कुठे सुरू होतो ते भिंगाशिवाय कळत नाही. सह्याद्रीतल्या आणि कोकण-गोव्यातल्या रानात माणसाच्या उंचीवर सोनेरी जाळं लावणारी जायंट वूड स्पायडर मात्र अंडी घालायला जाळं सोडून जमिनीवर उतरते. मातीत खळगा करते, पिशवी ठेवते, वरून माती आणि पालापाचोळा ओढते. एवढ्या मोठ्या कोळिणीची अंडी कुणालाच का सापडत नाहीत, याचं उत्तर हे.

सातवी पायरी: अंड्यांच्या शोधात तुम्ही एकटे नाही

फुलपाखराच्या नजरेतून सुटलेला शत्रू बहुधा दुसरी मादीच असते. ट्रायकोग्रामा ही अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची गांधीलमाशी दुसऱ्यांच्या अंड्यांत आपली अंडी घालते. ती आधी सापडलेल्या अंड्यावरून चालत जाते, चालायला किती वेळ लागला त्यावरून अंड्याचा आकार जोखते आणि आत किती पिल्लांची सोय होईल तेवढीच अंडी घालते. ऊस आणि कापूस उत्पादक तिला ट्रायकोकार्डवरून, म्हणजे तिने अंडी घातलेली किड्यांची अंडी चिकटवलेल्या, शेतात लावायच्या कार्डावरून ओळखतात. तुम्ही दोरा बांधून ठेवलेलं पतंगाचं किंवा फुलपाखराचं अंडं अळी न निघता पूर्ण काळं पडलं, तर आत अशीच कोणीतरी वाढत असण्याची शक्यता मोठी. ते पान तोडू नका, आणि फवारू तर मुळीच नका.

कुंभारमाशीचं मातीचं घर हा याच गटातला ठळक नमुना. खिडकीच्या चौकटीत, प्लगच्या भोकात, देवघराच्या मागे ती ओल्या मातीच्या गोळ्या आणून खोली बांधते. काही जाती आत बधिर केलेल्या अळ्या कोंबतात, काही फक्त कोळी. अन्न आधीच आणून ठेवलेलं, वर अंडं, मग दार बंद. घराला गोल भोक पडलेलं असेल तर पिल्लू उडून गेलं, तेव्हा खुशाल काढा. भोक नसेल तर थांबा.

‘उंबर फोडून केंबरं काढणं’ आपण बोलण्यात वापरतो, पण एखादं उंबर खरंच फोडून बघा. ती केंबरं म्हणजे उंबराच्याच बारीक गांधीलमाश्या. मादी कच्च्या उंबराच्या टोकाच्या भोकातून आत घुसते, त्यात तिचे पंख बहुधा तुटतात, आतल्या फुलांना परागकण देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. तिच्याशिवाय उंबराला बी धरत नाही.

घरी अंडी फुटताना बघायची असतील तर

पानासकट छोटी डहाळी घ्या, देठ पाण्यात ठेवा आणि बाटलीचं तोंड कापसाने बंद करा, नाहीतर अळी पाण्यात बुडते. बाटली उन्हात ठेवू नका. अंडी चिमट्याने उचलू नका. रानातून काही आणू नका. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली काही फुलपाखरंही संरक्षित आहेत आणि कोणती ते अंड्यावरून ओळखता येत नाही. आपल्या कुंडीत जे येईल तेवढं भरपूर आहे.

शेतात वापर

मादीची आवड कळली की तिला हवी ती जागा मुख्य पिकाबाहेर तयार करता येते. सापळा पिकाची कल्पना इतकीच आहे. टोमॅटोवरच्या फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग पिवळ्या झेंडूवर अंडी घालणं पसंत करतो, म्हणून टोमॅटोच्या दर 16 ओळींमागे झेंडूची एक ओळ लावायची शिफारस आहे. यात वय सांभाळावं लागतं. झेंडूचं रोप 40 दिवसांचं आणि टोमॅटोचं 25 दिवसांचं असताना लावणी एकदम करायची, म्हणजे दोघांना फुलं एकाच वेळी येतात. झेंडू मागे राहिला तर सापळा कामाचा नाही. कोबीसाठी मोहरी: 25 ओळींमागे दोन ओळी, एक कोबीच्या 15 दिवस आधी पेरायची आणि दुसरी लावणीनंतर 25 दिवसांनी, म्हणजे कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या (डायमंडबॅक) पतंगाला कोवळी मोहरी सतत मिळत राहते. कापूस-सोयाबीनच्या कडेने एरंड लावला तर केसाळ पांघरुणाचे पुंजके त्याच्या रुंद पानांमागे सापडतात. ती पानं तोडून नष्ट करायची. पण सापळा पीक लावून तिकडे फिरकलाच नाहीत, तर तुम्ही किडीसाठी पाळणाघर उघडलं असं समजा.

कोकणात आणि गोव्यात नारळ असेल तर शेंड्याकडे बघण्याआधी शेणखताच्या खड्ड्याकडे जा. गेंड्या भुंगा शेंडा पोखरतो, अंडी मात्र कुजलेल्या शेणखतात आणि सडक्या ओंडक्यांत घालतो. खड्डा पावसाळ्यात दोन-तीनदा उलथा, इंग्रजी ‘सी’सारख्या वळलेल्या जाड पांढऱ्या अळ्या वेचा, कोंबड्यांपुढे टाका. या अळ्यांना मारणारी मेटारायझियम बुरशी खड्ड्यात मिसळण्याचीही शिफारस आहे. सोंड्या भुंग्याला याउलट ताज्या जखमेचा वास ओढतो. खोडाला खाचा पाडू नका, हिरव्या झावळ्या खोडाला लागून तोडू नका, आणि जखम झालीच तर ती त्याच दिवशी डांबराने बुजवा.